चिल्ला, करार आणि परीक्षा: रियाजाला कशानं बसवलं?

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं होतं, "मुलगा तबला शिकतो, पण चार महिन्यांत बसायचा कंटाळा करायला लागला. पूर्वीच्या लोकांना हे कसं जमायचं?" आज आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

पूर्वी शिकायचं म्हणजे बहुधा गुरूच्या घरी राहून. पाणी भरा, पाय चेपा, आणि गुरुजींची लहर लागली की शिका. उत्साह टिकवायचा प्रश्नच नव्हता, कारण उठून जाणार कुठे? तबलजींमध्ये चिल्ला असे. चाळीस दिवस एका खोलीत तेच कायदे घोटायचे. या कहाण्या आपण कौतुकानं ऐकतो. अर्ध्यातून पळालेल्यांच्या कहाण्या मात्र कोणी लिहून ठेवल्या नाहीत, एवढं ध्यानात असू द्या.

आता ५ मे १९०१, लाहोर. मूळचा कुरुंदवाडचा, लहानपणी दारूकामानं डोळे अधू झालेला, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेला एक गवई तिथं चक्क शाळा काढतो. विष्णु दिगंबर पलुस्कर. शाळा म्हणजे वर्ग, वेळापत्रक, छापील पुस्तकं, परीक्षा. गाणं आणि वाद्यंही. वेळेवर यायचं, शिकायचं, घरी जायचं. पण मग घरी गेल्यावर वाद्य हातात घ्यायला लावणार कोण? गुरूची नजर तर तिथं नाही. ती जागा परीक्षेनं घेतली.

गंमत अशी, की बुवांचाही एकट्या परीक्षेवर भरवसा नव्हता. पुढे संगीताचे शिक्षक व्हायचे त्यांच्यासाठी त्यांनी उपदेशक वर्ग ठेवला. राहणं-जेवण विद्यालयात, आणि बदल्यात नऊ वर्षांचा करार! म्हणजे हौशी माणसाला परीक्षा, आणि पेशा करणाऱ्याला जुनं गुरुकुलच, फक्त कागदावर सही घेऊन.

१९०८ साली विद्यालय मुंबईत आलं, इमारत झाली, कर्ज झालं, आणि कर्जापायी इमारत गेली. बुवा ऑगस्ट १९३१ मध्ये मिरजेत वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आज गावोगावी मुलं प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद करतात, ती या मंडळाची.

परीक्षेनं कलावंत घडत नाहीत, ही तक्रार जुनीच आहे, आणि खरीही आहे. विशारद झाल्याबरोबर कपाटावर चढलेल्या पेट्या आम्हीही पाहिल्या आहेत. पण कुणाच्या घरी राहून नऊ वर्षं काढणं ज्यांना शक्यच नव्हतं, अशा कारकुनांच्या, मास्तरांच्या घरांत वाद्य शिरलं ते याच वाटेनं. आमच्या लेखी हा हिशेब तोट्याचा नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना एवढंच सांगू: चिल्ल्याच्या गोष्टी सांगून पोराला घाबरवू नका, खुशाल परीक्षेचा फॉर्म भरा. आणि परीक्षा संपल्यावरच्या आठवड्यात तो आपणहून तबला काढतो का, ते गुपचूप बघा. काढला, तर आम्हाला येऊन सांगा.

चला, आता प्रश्न घेऊ.