घरच्या सोड्याची जन्मकथा

दिवाळीचा फराळ जरा सढळ हाताने झाला, की आमच्या घरी कुणाला तरी सोड्याची आठवण होतेच. पूर्वी त्यासाठी पोरांना कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळावे लागे. गळ्यात काचेची गोटी अडकलेली ती बाटली, आणि गोटी आत ढकलताना होणारा तो 'फट्' असा आवाज! तो ऐकायला पोरेही आनंदाने पळत. गेल्या वर्षी भाचीने घरीच सोडा करण्याचे यंत्र आणून दिले. गार पाण्याची बाटली त्याला लावायची, दोनतीनदा कळ दाबायची, की झाला सोडा. आई म्हणाली, "काय एकेक नवीन निघतंय, बाई!" मला मात्र हसू आले. सोडा हा मुळात घरगुतीच पदार्थ. कारखान्यात तो मागाहून गेला.

त्याची हकीकत अशी. इंग्लंडातील लीड्स गावी १७६७ साली जोसेफ प्रीस्टली नावाचे धर्मोपदेशक राहायला आले. वय चौतीस, आधीचा पेशा शिक्षकाचा. तेव्हा खिशाची स्थिती काय असेल, हे आम्हा मास्तर मंडळींना सांगायला नको. घराशेजारी बिअरचा कारखाना होता. तिथल्या आंबत्या पिंपांवर एका जड वायूचा थर साचलेला असे. जळती काडी त्यात धरली की विझे, आणि तिचा धूर त्या थरावरच पसरून राही. शेजारच्या वासाने दुसरा कुणी नाके मुरडली असती. प्रीस्टली पेले घेऊन तिथे जाऊन उभे राहिले! पिंपाच्या अगदी तोंडाशी ते एका पेल्यातले पाणी दुसऱ्यात ओतीत राहिले, आणि काही मिनिटांत त्या पाण्याला चुरचुरीत चव आली. जर्मनीतील पिरमाँटच्या झऱ्याचे असले पाणी श्रीमंत लोक औषध म्हणून मोल देऊन आणवीत. इथे ते शेजाऱ्याच्या पिंपावर फुकट झाले होते.

पुढे घर बदलले, शेजार सुटला. मग खडूवर गंधकाम्ल ओतून तोच वायू, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड, ते घरी करू लागले. वायू साठवायला डुकराच्या मूत्राशयाची पिशवी! पाण्याला तिचा वास लागतो, अशी कुरकूर डॉक्टर नूथ यांनी केली आणि १७७५ साली काचेच्या तीन भांड्यांचे सुबक उपकरण पुढे आणले. टीका करावी तर अशी.

१७७२ साली प्रीस्टलींनी सारी कृती पुस्तिकेत छापून टाकली. पेटंट घेतले नाही. या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही रोग बरा होईल, अशी त्यांची आशा होती, आणि त्याच वर्षी निघालेल्या कॅप्टन कुकच्या जहाजांसाठी त्यांनी ती कृती दिली. आशा फोल होती. स्कर्व्ही 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. त्याला लिंबू हवे, बुडबुडे नव्हेत. पण चुकीच्या समजुतीतूनही चांगली वस्तू जन्माला येते, ती अशी.

पैसा मात्र दुसऱ्यानेच केला. साध्या हवेच्या दाबाखाली पाणी साधारण आपल्या आकारमानाइतकाच वायू पोटात घेते. जास्त हवा तर दाब द्यावा लागतो. जिनिव्हातील याकोब श्वेप या घड्याळजी-जवाहिऱ्याने हे काम पंपाने साधले आणि १७८३ साली धंदा मांडला.

आता दोन वर्षे शेजारी ठेवून पाहा. १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅममध्ये दंगल उसळली. प्रीस्टलींची धर्ममते वेगळी आणि फ्रेंच राज्यक्रांतीबद्दल त्यांना सहानुभूती, एवढा अपराध जमावाला पुरला. त्यांचे घर, ग्रंथ, हस्तलिखिते, प्राणवायूवर काम केलेल्या या माणसाची प्रयोगशाळा, सर्व उद्ध्वस्त झाले. पतिपत्नी कसेबसे निसटले. आणि १७९२ साली श्वेपसाहेब सोडा विकायला लंडनमध्ये दाखल झाले! प्रीस्टली १७९४ साली अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी पुन्हा प्रयोगशाळा उभारली आणि १८०४ साली तिथेच देह ठेवला.

घरगुती सोडा मात्र मेला नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या दिवाणखान्यात एकावर एक दोन काचगोलांचे 'गॅसोजीन' आले. खाली पाणी, वर खायचा सोडा आणि टार्टारिक आम्ल. फुटून काच उडू नये म्हणून भोवती जाळी. शेरलॉक होम्सच्या खोलीतही ते आहे. १८९१ सालची बोहेमियाची गोष्ट काढून पाहा. आजच्या यंत्रात पुड्यांऐवजी वायूचे नळकांडे असते, इतकेच.

एक सूचना अनुभवाची. वायू साध्या आणि चांगल्या गार पाण्यातच सोडावा. गार पाणी तो अधिक धरून ठेवते. सरबत मागाहून घालावे. गेल्या पाडव्याला मी उत्साहाने कोकम आधी घातले होते. त्याचे डाग आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर अजून आहेत, आणि आई ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवते.