दगडफुलाचं कुळ

वडसा-देसाईगंजच्या किराणा दुकानात काळ्या मसाल्याचं सामान मागितलं, की धणे, खोबरं, कलमी यांच्याबरोबर दगडफूलही बांधून मिळतं. वैनगंगेकाठच्या जंगलातून ते येत नाही. बाजारात येणाऱ्या दगडफुलाचा मोठा वाटा उत्तराखंडसारख्या हिमालयी भागातल्या बांज (ओक) आणि इतर झाडांच्या सालींवरून काढलेला असतो. सावजी रश्श्याला त्याच्याशिवाय वास येत नाही, पण त्याची कुळकथा स्वयंपाकघरात कुणी सांगत नाही. ती सांगण्याजोगी आहे.

दगडफूल म्हणजे शैवाक: बुरशी आणि शैवाल यांचा जोडसंसार. लिनियसने 1753 साली तेव्हा माहीत असलेली जवळपास सगळी शैवाकं ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत घातली. आपल्या मसाल्यातल्या मुख्य जातीला इंग्लंडच्या विल्यम हडसनने 1762 मध्ये नाव दिलं, ‘लायकेन पर्लाटस’. मग लिनियसचा शिष्य एरिक आकारियस याने 1803 मध्ये ती ‘पार्मेलिया’त नेली. पानासारखं पसरणारं जवळपास काहीही तेव्हा पार्मेलियात जाई, आणि ते घर पुढे दीडशे वर्षं फुगतच राहिलं. इटलीच्या मासालोंगोने 1860 मध्येच ‘पार्मोट्रेमा’ ही वेगळी प्रजाती मांडली होती. ज्या जातीवरून त्याने ती बांधली, तिच्या फळवाट्यांना (बीजाणू तयार करणाऱ्या वाट्यांना) मधोमध भोक असतं. ही प्रजाती फारशी कुणी स्वीकारली नाही. अमेरिकेच्या मेसन हेल यांनी 1974 साली तिला पुन्हा उभं केलं, तेव्हा कुठे पार्मेलियाच्या वाटण्यांना जोर आला. हडसनची जात आज ‘पार्मोट्रेमा पर्लाटम’ म्हणून ओळखली जाते.

हेल यांनी भोकावर भर दिला नाही. त्यांनी पाहिली पाळीची, म्हणजे पानासारख्या फाट्याची, रुंदी, कडेचे केस आणि खालची बाजू, आणि मला त्यांचं हे पाहणं फार मोलाचं वाटतं, कारण ते आपल्या ताटलीत तपासता येतं. पुडीतला एक मोठा तुकडा पाण्यात भिजवा. राखाडी रंगाला हिरवट झाक येते. वरचं आवरण ओलं होऊन पारदर्शक झालं, की खालचं शैवाल दिसू लागतं. आता तो उलटा करा. मधला भाग काळा, त्यावर मुळांसारखे आखूड केस. कडेकडेने मात्र तपकिरी, चकचकीत, उघडा पट्टा, तिथे एकही केस नाही. हा उघडा पट्टा आणि रुंद, गोलसर पाळी दिसली, की पार्मोट्रेमा. भिंगातून पाळीच्या काठावर बऱ्याचदा काळ्या पापण्या दिसतील. पर्लाटमच्या काठावर पिठासारखे कणही असतात. त्या कणांत बुरशी आणि शैवाल दोन्ही असल्याने एकेक कण नवं शैवाक होऊ शकतो.

पुडी मात्र सहसा सरमिसळ असते. तिच्यात अरुंद, पट्ट्यांसारख्या फांद्यांचं ‘एव्हर्निआस्ट्रम’ सापडतं, कधी ‘पार्मोट्रेमा टिंक्टोरम’ही. हे दुसरं ओळखायची युक्ती 1866 मध्ये शैवाकतज्ज्ञ न्यूलांदर यांनी दिली. वरचा थर खरवडून आतल्या पांढऱ्या गराला ब्लीचिंग पावडरचं पाणी लावायचं, लेकॅनोरिक आम्ल असलं तर तो लाल होतो. पर्लाटमचा होत नाही. (तपासलेला तुकडा अर्थातच मसाल्यात घालायचा नाही.) शैवाकांचं वर्गीकरण तेव्हापासून डोळ्यांइतकंच रसायनांवर चालतं. पुढे डीएनए आला आणि 2005 मध्ये पांढऱ्या जाळीच्या भेगा असलेली, हेल यांनीच वेगळी काढलेली ‘रिमेलिया’ पुन्हा पार्मोट्रेमात परतली.

महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत रुजलं. पटवर्धन, मखीजा या तिथल्या संशोधकांनी सह्याद्रीतली शैवाकं जमवून तिथल्या संग्रहात ठेवली. महाबळेश्वरसारख्या दमट डोंगरात रुंद पाळ्यांच्या जाती मोठ्या होतात.

आपल्या वैनगंगेकाठच्या उन्हाळ्यात मात्र या रुंद पाळ्यांच्या जातींचा टिकाव अवघड. मध्य भारताच्या कोरड्या पानगळी जंगलांत आंब्याच्या, मोहाच्या सालीवर राखाडी गोल डाग दिसतात, ते बहुधा ‘पिक्सिन’ किंवा ‘डिरिनारिया’चे. त्यांच्या पाळ्या मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या, सालीला घट्ट चिकटलेल्या. डिरिनारियाला तर खाली मुळकेसच नसतात. त्यांचे बीजाणू तपकिरी आणि दोन कप्प्यांचे, पार्मोट्रेमाचे रंगहीन आणि एकाच कप्प्याचे, म्हणून कुळही वेगळं. पिक्सिनची एक सर्रास आढळणारी जात अतिनील दिव्याखाली पिवळी चमकते.