हार्ड डिस्क, घरगुती (आवाज व निवड)

चित्रपट, गाणी, लग्नाच्या चित्रफिती, भजन-कीर्तनांची ध्वनिमुद्रणे घरी साठवून टीव्हीवर लावण्यासाठी वापरली जाणारी साठवण. प्रस्तुत नोंद वाशीम जिल्ह्यातील घरे व हवामान धरून केली आहे. जिल्ह्यातील साठवणीची जुनी परंपरा कारंजा (लाड) येथील जैन हस्तलिखित भांडारांची. तेथे प्रश्न आवाजाचा नव्हता, कसरीचा होता.

आवाज : हार्ड डिस्कचे आवाज दोन. तबकड्या फिरण्याची घरघर अखंड चालते. वाचनदांडा सरकताना होणारी कटकट मधूनमधून. आयबीएमच्या १९५६ मधील पहिल्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. आजच्या साडेतीन इंची डिस्क बहुधा ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्यांच्या असतात. या आकड्याला ६० ने भागले की घरघरीचा मूळ सूर मिळतो : ९० किंवा १२० हर्ट्झ. ‘५,४०० वर्ग’ म्हणून विकलेल्या काही डिस्क प्रत्यक्षात ७,२०० ने फिरतात, हे २०२० मध्ये ग्राहकांनी आवाज ध्वनिमुद्रित करून, १२० हर्ट्झचा सूर पकडूनच दाखवून दिले. वेष्टनापेक्षा कान बरा. छर्‍यांच्या बेअरिंगऐवजी द्रव बेअरिंग आल्यापासून जुनी किणकिण मात्र गेली.

घरगुती वापराला वेगाची गरज नसते. फोर-के ब्लू-रे चित्रपटही सेकंदाला जास्तीत जास्त १८ एमबी मागतो. संथ डिस्क याच्या कित्येक पट देते.

जागा : डिस्कची पेटी लोखंडी कपाटावर ठेवू नये. कपाटाचा पत्रा कंपन उचलून घुमतो आणि एरवी न जाणवणारी घरघर पलीकडच्या खोलीत जाते. तीच पेटी लाकडी फळीवर, सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे खाली घालून ठेवली की फरक लगेच कळतो. आवाज दाबण्यासाठी कापडात गुंडाळणे घातक : उन्हाळ्यात खोलीच तापलेली असते आणि बहुतेक डिस्कची मर्यादा ६० अंश सेल्सिअस. पंखा लागतोच, तो मोठा व संथ घ्यावा, लहान पंखा शिट्टी घालतो. मे महिन्यात कूलर चालू असताना यातले काही ऐकूच येत नाही. डिस्कची परीक्षा हिवाळ्यातल्या रात्री होते.

एसएसडी : फिरता भाग नाही, म्हणून आवाज नाही. मात्र लेखनमर्यादा गाठलेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच उद्योगमानकाची अपेक्षा असते; उष्णतेत ही मुदत घटते. पत्र्याखालच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या संग्रहाला एसएसडी चालेल का, याविषयी मतभेद आहेत.

वीज : अचानक जात असल्यास यूपीएस घ्यावा.

क्षमता : व्हीएचएसवरील लग्न डीव्ही स्वरूपात उतरवल्यास तासाला सुमारे १३ जीबी, तीन तासांच्या कॅसेटला ३९.