कल्याण ते खोडद : टंकलेल्या हुकमाचा इतिहास

आमच्या खर्डीच्या लोकलमार्गावरच्या कल्याणात १९६५ साली गोविंद स्वरूप व सहकाऱ्यांनी सूर्याच्या वेधासाठी रेडिओ दुर्बीण उभारली. ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्या, पूर्व-पश्चिम पसारा सुमारे ६३० मीटर. सगळी दुर्बीण एका नजरेत मावे.

पुढे स्वरूपांनीच मुरबाड-माळशेजपलीकडे खोडदला ‘जीएमआरटी’ उभी केली. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, सुमारे २५ किलोमीटरवर पसरल्या आहेत. तिथे हाक पोचत नाही. म्हणून निरीक्षक आज्ञांची फाइल आधीच लिहितो : कोणता स्रोत, किती वेळ, नोंद कधी सुरू, कधी बंद. नियंत्रण कक्षातून आज्ञा प्रकाशतंतूंवरून जातात आणि दूरदूरच्या तबकड्या एकाच बिंदूकडे वळतात. तेव्हाच तीस तबकड्यांची एक दुर्बीण होते.

दुर्बिणींचा इतिहास आपण लोखंड आणि व्यास मोजून लिहितो. मला या आज्ञांच्या फाइली पेशवे दप्तराइतक्याच मोलाच्या वाटतात. कोणत्या रात्री माणसाला आकाशात काय पाहायचे होते, हे त्यांतच लिहिलेले आहे. त्या जपायला हव्यात.