शिवणकाम करणारी ती आणि तिची वंशावळ

१८९५. अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर. मिशिगन विद्यापीठातील विकृतिशास्त्रज्ञ आल्ड्रेड वॉर्थिन यांच्याकडे शिवणकाम करणारी एक तरुणी खिन्नपणे म्हणाली, आमच्या घराण्यात बहुतेक सारे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात, मीही तशीच जाईन. त्या वेळी ती धडधाकट होती.

वॉर्थिन यांनी ते बोलणे हसण्यावारी नेले नाही. नातलगांची माहिती जमवून त्यांनी वंशावळ मांडली आणि १९१३ मध्ये ‘फॅमिली जी’ या नावाने प्रसिद्ध केली. त्या स्त्रीचे भाकीत खरे ठरले. गर्भाशयाच्या कर्करोगाने ती अकाली गेली.

येथे एक अप्रिय बाब नोंदवायला हवी: वॉर्थिन सुप्रजननवादाचे समर्थक होते. त्या विचाराने पुढे जगभर जे घडवले, ते आपण जाणतोच.

१९६२ मध्ये नेब्रास्कातील ओमाहा येथे हेन्री लिंच या तरुण डॉक्टरांना मद्याच्या आहारी गेलेला एक रुग्ण भेटला. का पितोस, असे विचारता तो म्हणाला, घरातले सगळे कर्करोगाने मेले, मीही मरणारच! लिंच यांनी पुन्हा वंशावळी मांडायला घेतल्या. कर्करोगाचे कारण आनुवंशिकतेत शोधणे तेव्हा फारसे कोणाला पटत नव्हते. संशोधनासाठी अनुदानही नाकारले गेले. तरी समाजसेविका अ‍ॅन क्रश यांच्यासह त्यांनी १९७१ मध्ये ‘फॅमिली जी’चा पुन्हा मागोवा घेतला.

१९९१ चे अ‍ॅमस्टरडॅम निकषही मुळात वंशावळीचेच: किमान तीन आप्त, दोन पिढ्या, त्यांपैकी एकाचे निदान पन्नाशीच्या आत. १९९३-९४ मध्ये जनुके सापडली. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणे हे त्यांचे काम. त्यांतील एखाद्यात दोष असला, तर तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. आज यालाच ‘लिंच सिंड्रोम’ म्हणतात.

मला यात इतिहासाच्या विद्यार्थ्याचा स्वार्थ दिसतो: सूक्ष्मदर्शकाला जे दिसले नाही, ते मौखिक साक्षीने जवळपास शंभर वर्षे आधी सांगितले होते.

२००० साली ‘फॅमिली जी’तील नेमका जनुकदोष उमगला. आता त्या वंशातील कोणालाही रक्ततपासणी करून घेता येते. दोष आढळल्यास साधारण विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी करतात, आणि गाठी कर्करोग होण्याआधीच काढता येतात. दोष नसल्यास ही वारंवारची तपासणी टळते, आणि त्या स्त्रीने बाळगलेले भयही.