दुसऱ्याच्या दाराची किल्ली
आम्ही वर्गात बिस्मार्क शिकवतो, तेव्हा १८७९, १८८२, १८८७ ही सनावळी फळ्यावर लिहून मोकळे होतो. पण १८८७ मध्ये घडले काय? जूनमध्ये बिस्मार्कने रशियाशी गुप्त करार केला. काळ्या समुद्राचे दार राखण्यासाठी झारने पाऊल उचलल्यास जर्मनीचा पाठिंबा कबूल केला. डिसेंबरात त्याच दारावर रशियाला अडवण्यासाठी इंग्लंड, ऑस्ट्रिया व इटली एक झाले. त्यालाही उत्तेजन बिस्मार्कचेच! दार तुर्कांचे, सुलतानाची सही मात्र एकाही करारावर नाही. १८९० मध्ये बिस्मार्क पायउतार झाला. नव्या सरकारने रशियाशी करार वाढवला नाही. १८९४ पर्यंत रशिया फ्रान्सचा दोस्त झाला. दुसऱ्याच्या अमानतीवर जोडलेली दोस्ती किती टिकणार? परीक्षेत हा प्रश्न येत नाही; तरी आम्ही तो मुलांना विचारतो.