तारामतीपासून आजीपर्यंत : दुर्गाबाई खोटे

आज जुन्या काळातल्या एका कमावत्या बाईची गोष्ट सांगते. दुर्गाबाई खोटे. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आठवते? आणि 'बॉबी'मधली आजी? ही दोन्ही कामं त्यांचीच.

दुर्गाबाईंचा जन्म १९०५ चा. माहेर मुंबईतलं, वडील सॉलिसिटर. सासरही तालेवार. पण पुढे सासरची आर्थिक घडी विसकटली. पदरात दोन मुलगे. तेव्हा त्या कमाईसाठी सिनेमात आल्या. १९३१ साली 'फरेबी जाल'मध्ये छोटंसं काम केलं. चांगल्या घरच्या बाईनं सिनेमात जाणं म्हणजे तेव्हा घराण्याला बट्टा. लोकांनी भरपूर नावं ठेवली.

पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आला. मराठीतला हा पहिला बोलपट. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हरिश्चंद्राची तारामती झाल्या दुर्गाबाई. त्या काळी पार्श्वगायन नव्हतं. कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गाणं म्हणायचं, म्हणजे नटीला गळा हवाच. तारामतीची गाणी दुर्गाबाई स्वतः गायल्या.

मग १९३५ च्या सुमारास पार्श्वगायन आलं. गाणार एक, पडद्यावर ओठ हलवणार दुसरी. हळूहळू नटीला गळा असण्याची गरजच उरली नाही. दुर्गाबाईंनी मात्र आपली भिस्त गाण्यावर ठेवली नव्हती. १९३६ च्या 'अमरज्योती'त त्या समुद्रावर राज्य करणारी चाच्यांची राणी सौदामिनी झाल्या. पोटच्या मुलावर आईचा हक्क नाही, असं राज्याचा कायदा सांगतो, म्हणून ती बंड करते. नव्वद वर्षांपूर्वीचा सिनेमा आहे हा!

त्या काळी कंपन्या कलाकारांना पगारावर, कराराने बांधून ठेवत. 'अमरज्योती'तल्याच गायिका-अभिनेत्री शांता आपटे १९३९ साली प्रभातच्या दारात उपोषणाला बसल्या होत्या. दुर्गाबाईंनी वेगळी वाट धरली. त्या एका कंपनीच्या होऊन राहिल्या नाहीत. कोल्हापूर, पुणे, कलकत्ता, मुंबई, जिथे चांगलं काम तिथे गेल्या. १९३७ साली 'साथी' चित्रपटाच्या निर्मितीतही हात घातला.

वय वाढतं, तसं नायिकेचं काम मिळेनासं होतं. दुर्गाबाईंनी त्याची वाट पाहिली नाही. १९४१ च्या 'पायाची दासी'त, छत्तिसाव्या वर्षी, त्या खाष्ट सासू झाल्या. पुढच्या वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. मग आई, मग आजी. १९७४ च्या 'बिदाई'साठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार. मधल्या काळात मराठी रंगभूमीवरही कामं केली. स्वतःची निर्मिती संस्था काढून लघुपट आणि जाहिरातपट केले. 'वागळे की दुनिया' ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली, ती त्यांच्याच संस्थेची. तेव्हा त्या ८३ वर्षांच्या होत्या. १९९१ साली त्या गेल्या.

मूकपट संपत आले होते तेव्हापासून टीव्ही घरोघरी पोचेपर्यंत ही बाई कमावती राहिली. काल ज्याला मोल होतं ते आज राहत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि प्रत्येक वेळी पुढचं काम वेळेवर शिकून घेतलं.

तुम्ही म्हणाल, त्यांच्याकडे शिक्षण होतं, ओळखी होत्या. खरं आहे. आपल्यातल्या एकेकटीकडे ते नसतं. म्हणून तर गट आहे. आपल्या भाट्यातच बघा. कोकम, आंबापोळी, फणसपोळी आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो. पूर्वी ओळखीवर खपायची. आता किनाऱ्यावर येणारा पर्यटक पाकिटावर तारीख शोधतो, मोबाइलवरून पैसे देतो. हात तेच, चव तीच, पण विकायची रीत बदलली. ती एकीनं शिकायची आणि दहाजणींना शिकवायची.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले की एक प्रश्न मांडा : आज ज्या कामावर आपलं घर चालतं, ते पाच वर्षांनी चाललं नाही, तर आपल्या हातात दुसरं काय असेल? उत्तर वहीत लिहून ठेवा.